बिलांचे पैसे बाजूला, बाजाराचे पैसे हाताशी : कोकणातल्या घरासाठी

कोकणात घरखर्च महिन्याच्या मापाने मोजायला गेलं की हिशेब बसत नाही, कारण पैसाच महिन्याच्या मापाने येत नाही. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा खलाशाच्या घरात मासळीच्या विक्रीतला वाटा दोन महिने येत नाही. आंबा-काजूवाल्यांचा पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत गोळा होतो. तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगरकडे खोल्या देणाऱ्यांची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी यांच्याभोवती फिरते. बिलं मात्र बाराही महिने येतात, आणि जूनमध्ये तर शाळा, विमा, उन्हाळ्यातलं लाइटबिल अशी सगळी एकदम अंगावर येतात.

नुकतं लग्न करून वेगळी चूल मांडलेली जोडपी, मुंबई सोडून गावी परतलेली माणसं, आणि सासू-सासऱ्यांनी व्यवहार हातात दिल्यावर पहिल्यांदाच ‘आता सुरुवात कुठून करायची’ असा प्रश्न पडलेल्या सुना-मुलं यांच्यासाठी हे लिहिते आहे. बचत गटाच्या वह्या लिहिताना मी एक गोष्ट सतत पाहते. बहुतेक घरांत पैसा कमी असतो हे खरं, पण जो असतो तो एकाच खात्यात, एकाच खिशात असतो. त्यामुळे एप्रिलात खात्यावर दिसणारे वीस हजार ‘आपले’ वाटतात, आणि त्यातले अठरा हजार जूनच्या बिलांचे आहेत हे जून उजाडल्यावर कळतं.

मे महिन्यात आपण अगोटीची तयारी करतो. तांदूळ, लाकूडफाटा, मसाला, सोडे-सुकट-बोंबील भरून ठेवतो आणि भरलेल्याला उगीच हात लावत नाही. बिलांच्या पैशाचीही अशीच बेगमी करायची, वेगळ्या खात्यात. फक्त ती एकदम न करता पैसा हातात येईल तसतशी थोडी थोडी करायची.

आधी वर्षाची यादी करा

एक वही घ्या आणि पुढच्या बारा महिन्यांत येणारी प्रत्येक ठरलेली देणी लिहा. ठरलेली म्हणजे रक्कम कमी-जास्त होईल, पण येणार हे नक्की. मागच्या वर्षीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, फोनमधले बिलांचे मेसेज समोर ठेवून बसा. नुसत्या आठवणीवर विसंबलात की वर्षातून एकदा येणारी देणी हमखास सुटतात, आणि खड्डा पडतो तो त्यांच्यामुळेच.

सुटणाऱ्या गोष्टी साधारण ठरलेल्या असतात. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी, ज्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. गाडीचा विमा. एप्रिल-मेच्या सुमारास महावितरणकडून नेहमीच्या बिलाशिवाय वेगळं येणारं अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल. वापर वाढला असेल तर ते येतंच. जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये, जे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर दोन-दोन लाखांचं संरक्षण थांबतं. ज्या घरातला माणूस बोटीवर जातो तिथे तरी हे होऊ देऊ नका.

मोबाइलचं वेगळं सांगावं लागतं. २८ दिवसांचा रिचार्ज महिन्याला एकदा पडतो असं आपण धरतो, पण वर्षात तो तेरा वेळा पडतो. दोन फोन असतील तर सव्वीस. यादीत तेराने गुणा.

आता एक घर नमुन्यादाखल मांडून बघू. वेंगुर्ल्याच्या बाजूचं चौघांचं कुटुंब धरा, नवरा बोटीवर, बायको शिवणकाम करते, दोन मुलं शाळेत. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. लाइटबिल वर्षाचं ११,४००. गॅस आठ सिलिंडर, ९०० च्या हिशेबाने ७,२००. दोन फोनचे रिचार्ज ७,८००. डिशचे ३,६००. घरपट्टी-पाणीपट्टी २,४००. शाळेचं जूनमधलं सगळं मिळून ९,०००. विम्याचा सहामाही हप्ता ६,०००, जून आणि डिसेंबर मिळून १२,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३,०००. दोघांचे जीवन ज्योती आणि सुरक्षा मिळून ९१२. बेरीज येते ५७,३१२. बाराने भागलं तर महिन्याला ४,७७६. ते पाच हजार धरा, म्हणजे वर्षाला साठ हजार. वरचे २,६८८ महागाईला आणि त्या सुरक्षा ठेवीच्या बिलाला उपयोगी पडतात.

काय बिलांत, काय बाजारात

यावर घरोघरी वाद होतो, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. वाणसामान, मासळी, भाजी, वडापचं भाडं, मुलांचा खाऊ, हे सगळं रोजचा खर्च. वाणसामान ठरलेलं असलं तरी ते रोजच्या पैशातच ठेवा, कारण तिथे हात आखडता घेता येतो. पापलेट महाग असेल त्या दिवशी बांगडा आणता येतो, लाइटबिलात तसं करता येत नाही.

गॅस बिलांत. सिलिंडर नेमका कोणत्या तारखेला संपेल हे सांगता येत नाही, पण संपल्यावर थांबता येत नाही. सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या किंवा साखरेच्या रोजच्या गोळ्या बिलांत, कारण पैसा कमी पडला की पहिली काट तिथेच लागते, आणि ती लागता कामा नये. एखाद्या तापाची डॉक्टरची फी मात्र रोजच्या खर्चात.

वाण्याकडच्या उधारीच्या वहीबद्दलही बोलायला हवं. बंदीच्या काळात ती बहुतेकांची चालू असते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ऑगस्टमध्ये बोटी सुटल्यावर ती फेडायची रक्कमही ठरलेलं देणंच आहे. ती फिटेपर्यंत तिला बिलांच्या यादीत ओळ द्या.

गणपती आणि शिमगा बिलांतही धरू नका आणि रोजच्या खर्चातही नको. चतुर्थीला चाकरमानी घरी येतात, मखर, भजनाला येणाऱ्यांचा चहा-फराळ, नवे कपडे. शिमग्याला पालखी दारात येते. हा खर्च बिलांच्या पैशातून उचलला की दर वर्षी सप्टेंबरात बिलांचं खातं रिकामं होतं. त्याला बँकेत वर्षभराचं छोटं आवर्ती ठेव खातं उघडा, श्रावणात मुदत संपेल अशा बेताने. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती या कामाला योग्य नाही.

दुसरं खातं कुठे उघडायचं

जनधन किंवा शून्य शिल्लक खातं ज्या बँकेत आहे, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे एक खातं जनधन असेल तर दुसरं दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात उघडा. पोस्टाच्या बचत खात्याला किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. बँकेत गेलात तर किमान शिल्लक किती ते आधी विचारा, कारण बिलांचं खातं जुलैअखेर जवळजवळ रिकामं होतं आणि तेव्हा दंड बसायला नको. स्टेट बँकेने साध्या बचत खात्यावरची किमान शिल्लकेची अट २०२० मध्ये काढून टाकली आहे. एटीएम कार्डाचा वार्षिक आकार असेल तर या खात्याला कार्ड घेऊ नका.

पतसंस्थेत ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगते. पिग्मीवाला दारात येतो, ओळखीचा असतो, सोय होते, हे सगळं खरं. पण बँकेतल्या, सहकारी बँकेतल्याही, ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. बिलांचा पैसा अडकून चालत नाही.

खातं दोघांच्या नावावर असावं आणि दोघांपैकी कोणीही एक व्यवहार करू शकेल असं असावं. नवरा चार-पाच दिवस समुद्रात असतो, फोन लागत नाही, आणि बिलाची मुदत तेवढ्यात टळते. किनाऱ्यावर असलेल्या माणसाच्या हातात बिल भरण्याचा अधिकार हवा.

सरकारी योजनेचे पैसे, लाडकी बहीण असो की शेतकऱ्यांचा सन्मान निधी, आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. ते खातं कोणतं आहे हे बँकेतून खात्री करून घ्या. नवं खातं उघडताना घाईत आधार तिकडे जोडला गेला की पैसे भलत्या खात्यात जातात आणि आपण जुन्या खात्यात शोधत बसतो.

फोनमधला बदल, ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे

खातं वेगळं केलं, पण फोनच्या ॲपमध्ये दोन्ही खाती जोडून ठेवली, तर फारसा उपयोग होत नाही. पैसे देताना ॲप खातं निवडायला विचारतं आणि घाईत अंगठा भरलेल्या खात्यावरच जातो. म्हणून बाजाराला जाणाऱ्याच्या फोनमध्ये बिलांचं खातं जोडूच नका. ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या. एकच फोन असेल तर निदान मुख्य खातं म्हणून रोजच्या खर्चाचं खातं निवडून ठेवा.

रोजच्या खर्चासाठी यूपीआय लाइट, म्हणजे पैसे देण्याच्या ॲपमधलाच छोटा बटवा, फार उपयोगी आहे. त्यात एका वेळी पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते, हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार पिन न टाकता होतात, आणि पासबुकात किरकोळ नोंदींची गर्दी होत नाही. आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळी आठवड्याची रक्कम त्यात भरा. ती संपली की आठवडा संपला असं समजायचं. मध्येच भरायची वेळ आलीच, तर किती आणि कशासाठी ते वहीत लिहा, म्हणजे तुमच्या घराचा खरा आठवडी खर्च दोन-तीन महिन्यांत कळेल. आपोआप भरण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर आठवड्याचा बांध राहत नाही.

पैसा आला त्याच दिवशी

बाजूला काढायची वेळ ही पैसा हातात पडल्याची वेळ. नोकरदारांना हे सोपं आहे. पगार १ तारखेला होत असेल तर ३ तारखेला पाच हजार बिलांच्या खात्यात जावेत अशी कायमची सूचना बँकेला द्या.

खलाशाच्या घरात बारा महिन्यांवर भागायचं नाही. साठ हजार भागिले दहा, म्हणजे कमाईच्या दर महिन्याला सहा हजार. वाट्याचा हिशेब पंधरवड्याला होत असेल तर दर हिशेबाला तीन हजार. एखाद्या हिशेबाला कोळंबी चांगली मिळाली म्हणून जास्त आलं तर जास्त टाका, कारण वादळाचा इशारा लागून बोटी बंदरात बसल्या की पुढचा हिशेब कोरा जातो.

बागायतदाराने किंवा खोल्या देणाऱ्याने महिना विसरावा आणि रुपयातला हिस्सा ठरवावा. आधी धंद्याचा खर्च बाजूला काढा, फवारणी, खत, पेट्या, गुरख्याचा पगार, चादरी-धुलाई. पाहुण्याने दिलेले सगळे पैसे घराचे नसतात. उरलेलं वर्षाचं उत्पन्न २,४०,००० आणि बिलं ६०,००० असतील तर रुपयातले चार आणे बिलांचे. वाशीच्या घाऊक बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आला, रक्कम जमा झाली, की त्याच दिवशी चार आणे पलीकडे. प्रत्येक पट्टीला, लहान असली तरी.

आता आपल्या नमुन्याच्या घराकडे परत येऊ आणि बंदीच्या दोन महिन्यांची देणी मोजू. शाळा ९,०००. विम्याचा हप्ता ६,०००. लाइटबिल जूनमध्ये १,४०० आणि जुलैत ८००, कारण जूनमध्ये हातात पडतं ते मेमधल्या पंख्यांचं आणि फ्रिजचं बिल. एक सिलिंडर ९००. रिचार्ज १,२००. डिश ६००. एकूण १९,९००. म्हणजे ३१ मे रोजी बिलांच्या खात्यात निदान वीस हजार हवेत. ऑगस्टपासून दरमहा सहा हजार टाकले आणि दहा महिन्यांची बिलं त्यातूनच भरली, तर ३१ मे रोजी २२,५८८ उरतात. बरोबर भागतं.

जानेवारीत सुरुवात केली तर पाच महिन्यांत ३०,००० जमा होतील, त्यातले साडेअठरा हजारांच्या आसपास त्याच काळातल्या बिलांना जातील आणि मेअखेर साधारण साडेआठ हजार कमी पडतील. हे आधी कळलं की वाट काढता येते. शिवणाचे लग्नसराईतले पैसे थेट तिकडे वळवता येतात, वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं आत्ताच सांगून ठेवता येतात. तरी पर्याय असेल तर मच्छीमार घराने नारळी पौर्णिमेनंतर आणि बागायतदाराने पहिल्या पट्टीपासून सुरुवात करावी. पहिलं वर्ष कमी ओढाताणीचं जातं.

बिलं भरताना

रक्कम ठरलेली असते ती देणी आपोआप कापली जाऊ द्या : विमा, कर्जाचा हप्ता, डिश. कापण्याच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, तो वाचायची सवय लावा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक दंड लावते, आणि ज्याचा हप्ता तोही वेगळा लावतो.

लाइटबिल मात्र हाताने भरा. त्यातलं चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. घर बंद असताना रीडिंग घेता आलं नाही तर सरासरीने बिल येतं, आणि आपल्याकडे बंद घरं पुष्कळ. बिलावर लवकर भरल्यास लागणारी रक्कम, देय दिनांकाची रक्कम आणि त्यानंतरची रक्कम अशा तिन्ही छापलेल्या असतात. पैसे बाजूला तयारच असल्यावर लवकर भरण्याच्या तारखेच्या आत भरा, थोडी सूट मिळते. मुदत टळली की विलंब आकार लागतो. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, म्हणून खोल्यांना एसी लावणाऱ्यांनी मेचं बिल हिवाळ्याच्या दीडपट न धरता त्याहून बरंच जास्त धरावं.

‘बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर फोन करू नका, त्यातल्या लिंकवर तर मुळीच जाऊ नका. तो फसवणुकीचा असतो. बिलांचं खातं पूर्ण भरलेलं असतं, म्हणून ज्याच्या फोनमध्ये ते आहे त्याला हे नीट समजावून सांगा, विशेषतः वयस्कर माणसांना.

ज्या घरात फोन-बँक जमत नाही तिथे पाकिटं लावा. लाइट, गॅस, शाळा, घरपट्टी, प्रत्येकावर नाव आणि तारीख. हेही चांगलं चालतं, फक्त रक्कम साठायला लागली की ती पोस्टात टाका.

पावसाळ्याची रोख

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस नव्हते. फोनमध्ये पैसे असून दुकानात देता येत नव्हते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. म्हणून मेअखेर दोन आठवड्यांच्या रोजच्या खर्चाइतकी रोख घरात, प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा. ती रोजच्या खर्चातून काढा, बिलांच्या खात्यातून नाही. पासबुक, विम्याची कागदपत्रं आणि आधारच्या प्रतीही त्याच पिशवीत.

बिलांच्या पैशाला हात लावावा लागला तर

लागतो. कोणी आजारी पडतं, इंजिन बिघडतं. अशा वेळी काढलेली रक्कम आणि तारीख वहीत लाल पेनाने लिहा, पुढच्या दोन-तीन हिशेबांत किती-किती परत टाकायची तेही त्याच दिवशी लिहा. दोघांनाही ते माहीत असू द्या. घरात यावरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत. बहुतेक वेळा कारण पैसा काढल्याचं नसतं, न सांगता काढल्याचं असतं.

सामायिक घर

चार भावांचं मूळ घर, एक मीटर, एक घरपट्टी, आणि गावात राहणारा एकच भाऊ, असं आपल्याकडे फार ठिकाणी आहे. बिलं गावातला भाऊ भरतो आणि मागायला संकोचतो. त्या घराची यादी वेगळ्या पानावर लिहा : घरपट्टी, बंद काळातलं किमान लाइटबिल, पावसाआधी कौलं परतण्याची मजुरी, वाडीतली साफसफाई. ती तुमच्या घरखर्चाच्या बेरजेत मिसळू नका. गणपतीला सगळे एकत्र येतात तेव्हा आरतीनंतर निवांत बसून ते पान समोर ठेवा, मागच्या वर्षीच्या पावत्यांसह, आणि प्रत्येकाचा वर्षाचा वाटा तेव्हाच घ्या किंवा दरमहा खात्यावर पाठवायचं ठरवून घ्या. पुण्या-मुंबईतल्या भावांनाही ठरलेली रक्कम महिन्याला पाठवणं सोपं जातं, आणि गावच्या वहिनीला दर वेळी फोन करून आठवण द्यावी लागत नाही.

वर्ष फिरून ऑगस्ट आला की यादीवर पुन्हा एकदा बसा. सिलिंडरचा दर, रिचार्जचा दर, शाळेचा खर्च नव्याने लिहा, मुलगा कॉलेजला जाणार असेल तर एसटीचा पास जोडा, उधारी फिटली असेल तर तिची ओळ खोडा, आणि नव्या बेरजेला पुन्हा दहाने किंवा बाराने भागा. खात्यात गेल्या वर्षीचे दोन-अडीच हजार उरले असतील तर ते काढू नका, पुढच्या एप्रिलातल्या सुरक्षा ठेवीच्या बिलाची ती सोय झाली.